विमलआत्याचा बोलका डबा

आमच्या घरात सकाळी सगळ्यात आधी आवाज व्हायचा तो पत्र्याचा. जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीला बाजाराच्या रस्त्यावर आमचं घर होतं आणि घराच्या पुढच्या भागात दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं दुकान. धान्याच्या कोठ्या, लग्नात द्यायच्या पेट्या आणि उन्हाळा आला की कूलर, एवढा त्यांचा कारभार. ते पत्रा ठोकायला बसले की मागच्या खोलीत मांडणीवरची भांडी थरथरायची आणि माय चुलीपासून ओरडायची, "अवं, भाकर तव्यावर नाचून राह्यली!" दादा पुढचे दोन ठोके जरा हळू घालायचे आणि तिसऱ्यापासून पुन्हा होते तसेच. मायच्या येसराच्या आमटीचा वास आणि तापलेल्या डागाचा, म्हणजे पत्रा जोडायला वितळवतात त्या कथलाचा वास आमच्या घरात एकमेकांत मिसळलेला असायचा. लग्न होऊन मी दुसऱ्या घरी गेले तेव्हा तिथल्या आमटीत काहीतरी कमी आहे असं मला वर्षभर वाटत होतं, आणि ते काय हे मी सासूबाईंना कोणत्या तोंडानं सांगणार होते!

या ठोकाठोकीत ओसरीवरच्या बाजेवर विमलआत्या बसलेली असायची. आत्या दादांची थोरली बहीण. केदारखेड्याला बालवाडीच्या बाई म्हणून तिनं आयुष्य काढलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, आणि मग डोळ्यांचे पडदे हळूहळू निकामी व्हायला लागले तेव्हा दादा जाऊन तिची पेटी आणि पुस्तकांची पोती घेऊन आले. पेटी एक आणि पोती जास्त, यावरूनच बाई काय होती ते कळावं. आमच्याकडे आली तेव्हा एका डोळ्यानं तिला अजून दिसायचं. पुस्तक नाकाला लावून ती वाचायची, आणि माय म्हणायची की आक्का पुस्तक वाचत नाहीत, हुंगतात.

वर्षावास, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने, आमच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं. रानातून आलेली माणसं हातपाय धुऊन, पांढरं काहीतरी अंगावर घालून येतात, बाया पुढे बसतात, आणि एक जण वाचतो. काही वर्षं हे वाचन आत्याचं होतं. तिचा आवाज मोठा नव्हता, पण वाक्य कुठे थांबवायचं आणि कुठे सोडून द्यायचं हे तिला असं कळायचं की आपल्यालाच ते सुचलंय असं ऐकणाऱ्याला वाटावं. मग दुसरा डोळाही गेला. एका संध्याकाळी तिनं ग्रंथ मिटला, साळवे गुरुजींच्या हातात दिला आणि म्हणाली, "उद्यापासून तुम्ही." साळवे गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, माणूस देवगुणी, पण ते ग्रंथ वाचायचे तो हजेरी घेतल्यासारखा. वाचता वाचता मध्येच ते चष्म्यावरून बघायचे, कोण बोलतंय म्हणून.

आत्याला आम्ही सगळे वाचून दाखवायचो. त्यात आमची काही कसूर नव्हती, पण पद्धती ज्याच्या त्याच्या होत्या. दादा पेपर वाचताना अपघाताच्या आणि मरणाच्या बातम्या गाळायचे. माय दोन ओळी वाचायची आणि तिसरी ओळ स्वतःची घालायची, "अन् हा मंत्री तर पहिल्यापासूनच तसला." मी कॉलेजातून सुट्टीला यायचे तेव्हा मला घाई असायची, मग मी परिच्छेदच्या परिच्छेद उडवायचे. आत्याला सगळं कळायचं. एकदा ती शांतपणे म्हणाली, "तुमचे उपकार हायेत गं, पण मला तुमच्या पसंतीचं मिळतं. माझं मला वाचायचंय." हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. 

मी जालन्याला कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते. तिथल्या लॅबमध्ये मला एक फुकट मिळणारा प्रोग्राम सापडला, त्याला मराठी मजकूर दिला की तो मोठ्यानं वाचायचा. थांब म्हटलं की थांबायचा, मागे म्हटलं की एक वाक्य मागे जायचा. मला पहिल्यांदा आत्याच आठवली. शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली आणि मी तो प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन, सोबत इंटरनेटवरून उतरवता येईल तेवढं मराठी वाचायचं साहित्य भरून, एसटीनं घरी आले. घरी कॉम्प्युटर होता. म्हणजे गावातल्या एका पतसंस्थेनं जुने काढून टाकले होते, त्यातला एक दादांनी त्यांच्या खिडकीला जाळी करून दिली म्हणून आमच्याकडे आला होता. दादा त्याला 'डबा' म्हणायचे. पत्र्याच्या कारागिराला त्यात दुसरं काही दिसणं कठीणच होतं. त्यांनी त्याची बाजूची झडप काढून तो आतून निरखून बघितला होता आणि निकाल दिला होता, "पत्रा पातळ हाये, पण वाकवला बराबर."

मी प्रोग्राम डब्यात टाकला, आत्याला शेजारी बसवलं, दादा हातोडी ठेवून आले, माय पिठाच्या हातानं दारात उभी राहिली. मी कळ दाबली. डबा काही बोलला नाही. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ उमटली आणि प्रोग्राम बंद. दादांनी विचारलं, "काय म्हणतो?" मी सांगितलं, "बेकायदेशीर सूचना म्हणतोय." दादांचा चेहरा पडला. "बेकायदेशीर? पोरी, हे पोलिसाच्या लफड्याचं तर काही न्हाई ना?" आत्या पोट धरून हसली. मला मात्र रडायला येत होतं.

काय झालं होतं ते नंतर कळलं, आणि तेव्हा मी घरच्यांना सांगितलं तसंच इथेही सांगते. बोलणारा प्रोग्राम सगळं एकटा करत नाही. शब्दांचा आवाज तयार करून स्पीकरपर्यंत नेण्याचं काम तो दुसऱ्याकडून करून घेतो, त्या दुसऱ्याला लायब्ररी म्हणतात. ही लायब्ररी तयार करणाऱ्यांनी ती नव्या मशीनसाठी तयार केली होती, आणि नव्या मशीनला जे हुकूम समजतात त्यातले काही आमच्या डब्यानं जन्मात ऐकले नव्हते. असा हुकूम आला की तो हात वर करायचा. कॉलेजातल्या सरांना फोन केला तर ते म्हणाले, नवीन मशीन घ्या. नवीन घेणं त्या वर्षी होणार नव्हतं, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. मग जाफराबादच्या सायबर कॅफेत बसून मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत, जिथे असे प्रश्न विचारतात तिथे एक पत्र टाकलं. आत्याबद्दलही लिहिलं. लिहायची गरज नव्हती, पण लिहिलं.

उत्तर आलं ते कुठल्या तरी थंड देशातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाचं. त्याला जुन्या मशीन सांभाळायची हौस होती. त्यानं लायब्ररी ज्यातून तयार होते त्या मूळ मजकुरात बदलायच्या थोड्याशा ओळी पाठवल्या होत्या, नवे हुकूम काढून त्या जागी जुने घालणाऱ्या. वर लिहिलं होतं की हा पॅच मूळ मजकुराला लाव आणि मग सगळी लायब्ररी तुझ्याच मशीनवर पहिल्यापासून बांधून घे, तयार मिळणार नाही. शेवटी एक वाक्य होतं: तुझ्या आत्याला माझा नमस्कार सांग. मी घरी येऊन आत्याला सांगितलं. पॅच म्हणजे काय असं तिनं विचारलं, मी म्हटलं ठिगळ. ती म्हणाली, "एवढ्या लांबून ठिगळ पाठवलं त्यानं? मंग त्याला आपलाबी नमस्कार कळव. जय भीम लिही, त्याला समजंल." मी तसंच लिहिलं, आणि त्याला काय समजलं कोण जाणे, पण पुढच्या पत्रात त्यानंही सुरुवातीला जय भीम लिहिलं होतं.

ऊन मी म्हणत होतं. आमच्या मधल्या खोलीवर पत्रे, खाली दादांनी केलेल्या मोठ्या पेटीवर डबा मांडलेला. वीज सकाळी यायची, दुपार कलताना जायची आणि दिवेलागणीला पुन्हा थोडा वेळ, तीही लपंडाव खेळत यायची, म्हणून दुपारच्या आत काम उरकायचं. मी पॅच लावला, बांधणी, म्हणजे मूळ मजकुरातून मशीनला कळणारे हुकूम तयार करणं, चालू केली आणि पडद्यावर ओळी धावायला लागल्या. माय बघत राहिली. "जात्यातून पीठ पडल्यागत पडून राह्यलं की हे. किती दळायचंय?" मी म्हटलं, नव्या मशीनवर चहा होईपर्यंत होतं, आपल्याकडे दुपार होईल. मध्येच इशाऱ्याच्या ओळी यायच्या, त्या मी मायला उगाच वाचून दाखवल्या, मग प्रत्येक इशाऱ्याला ती "अगं बाई" म्हणायची. शेजारच्या बाया कुरडयांचा चीक ढवळायचा सोडून बघायला आल्या. त्यांना वाटलं होतं सिनेमा असेल. इंग्रजी ओळी बघून त्या गेल्या, पण जाताना एकीनं डब्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ताप आलाय ह्याला."

खरंच डबा भाजत होता. आणि इथे आमच्या घराचा स्वभाव आडवा आला. आमच्याकडे उन्हाळ्यात पाहुणा आला की त्याला पहिल्यांदा कूलरसमोर बसवतात. पाणी नंतर, चहा नंतर, चौकशी तर त्याहून नंतर. घरचे सगळे घामानं निथळत बसतील, पण कूलरचं तोंड पाहुण्याकडे. दादांनी बनवलेला तो कूलर म्हणजे आमच्या घरातलं मोठं माणूस होतं. त्याचा पत्रा त्यांनी ठोकला होता, मोटर कुठून तरी जुनी मिळवून बसवली होती, आणि चालू झाला की आख्खी आळी म्हणायची, किसनरावाकडं पाहुणा आलाय. तर शेजारीण ताप आलाय म्हणाली आणि दादा दुकानातून उठले. "पोरगं आपल्या आक्कासाठी राबून राह्यलं अन् आपण त्याला उन्हात बसवलं व्हय?" असं म्हणून त्यांनी कूलर ओढत आणला, डब्याकडे तोंड केलं, पाणी भरलं आणि खटका दाबला. गार वारा आला. आत्यासुद्धा म्हणाली, बरं केलं किसना.

थोड्या वेळानं दादा कूलर बंद करून, पाणी घालून, पुन्हा लावून गेले, आणि इकडे पडदा काळा झाला आणि डबा आपोआप पहिल्यापासून सुरू झाला. मी कपाळाला हात लावला. असं मध्येच बंद पडलं की त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल अर्धीकच्ची राहते आणि शेवटी सगळ्या कामात खोट काढते, म्हणून मी होतं तेवढं पुसून पुन्हा पहिल्यापासून लावलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. डबा तापतोय म्हणून बंद पडतोय अशी दादांची खात्री, म्हणून ते कूलर आणखी जवळ सरकवायचे आणि वरचेवर बंद करून, पाणी घालून, पुन्हा लावायचे. मला वाटायचं पॅचच चुकीचा आहे. त्या भल्या माणसावर मी मनातल्या मनात काय काय तोंडसुख घेतलं ते लिहीत नाही. आज माझ्या हाताखालची मुलं असा काही बिघाड घेऊन येतात तेव्हा मी त्यांना आधी विचारते, त्या वेळी खोलीत आणखी काय चालू होतं? ती माझ्याकडे बघत राहतात. त्यांना वाटतं, बाईंचं वय झालं.

पाऊस लांबला होता आणि आषाढी पौर्णिमा जवळ आली होती. साळवे गुरुजी एका सकाळी घरी आले, ओसरीवर बसले आणि फार अदबीनं म्हणाले, "विमलबाई, यंदा तुम्हीच बसा. मी मागं बसून तुमच्या कानात सांगतो, तुम्ही मोठ्यानं म्हणा. लोकायला तुमचाच आवाज पाहिजे." आत्यानं हात जोडले. "गुरुजी, तुमच्या मनात चांगलंच हाये. पण ते तुमचं वाचन झालं अन् माझं नुसतं तोंड. मला बिलकुल जमायचं न्हाई." गुरुजी गेल्यावर तिनं मला हाक मारली. मी तिच्या पायाशी बसले आणि काय काय अडचणी आहेत, काय काय उपाय आहेत ते सांगायला लागले. तिनं माझा हात धरला. "सुजे, न्हाई होत असंल तर न्हाई म्हण. डोळ्याच्या डाक्टरनंबी मला वर्षभर गोड गोड सांगितलं. त्या वर्षी मी जी पुस्तकं वाचून घेतली असती ती वाचली न्हाई, बरं होणार म्हणून ठेवून दिली. मला खोटी आशा परवडत न्हाई." मी म्हटलं, "आत्या, मला माहीत नाही होईल का." ती म्हणाली, "हां. हे बराबर." आणि माझा हात सोडला नाही. तेवढ्या वेळात मला जे वाटलं त्याला प्रेम हा शब्द फार लहान आहे, पण दुसरा माझ्याकडे नाही.

दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. हातपंपावर रांग, घरात प्यायचं पाणी तेवढं एका माठात. कूलर कोरडा. कोरडा कूलर चालवला की आतला छोटा पंप जळतो, म्हणून दादा त्याला हात लावू देईनात. मी म्हटलं, जाऊ दे, शेवटचं एकदा लावून बघते. डबा तापला. माय कुठून तरी सूप घेऊन आली आणि जोंधळे पाखडल्यासारखी त्याला वारा घालायला लागली. तिचा हात दुखला की मी, मी दमले की आत्या. आत्याला दिसत नव्हतं, त्यामुळे अर्धा वारा भिंतीला लागायचा, पण सूप सोडायला ती तयार नव्हती. ओळी धावत राहिल्या. जेवायला कोणी उठलं नाही. मायनं भाकरीवर जवसाची चटणी आणि तेल घालून हातातच दिली, ती आम्ही पडद्याकडे बघत खाल्ली. आणि वीज जायच्या आधी, बऱ्याच आधी, ओळी थांबल्या. कुठेही चूक नाही. लायब्ररी तयार झाली होती. मी ती जागेवर बसवली, तपासली, आणि ओरडले.

दादा दुकानातून धावत आले. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी माठातलं प्यायचं पाणी तांब्यानं काढलं आणि कूलरमध्ये ओतलं. माय "अवं, अवं" म्हणेपर्यंत दोन तांबे गेले. "दिवसभर तापलं बिचारं, आता तरी गार होऊ द्या," म्हणाले आणि खटका दाबला. मोटरीनं एक आचका दिला, खोलीतला दिवा क्षणभर मिणमिणला, आणि आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडदा काळा होऊन डबा पहिल्यापासून सुरू झाला. आम्ही सगळे कूलरकडे बघत होतो. कूलर आपला घरघरत थंड वारा घालत होता. मग आत्यानं विचारलं, "काय झालं? सगळे गप कामून झाले?" माय म्हणाली, "काखेत कळसा अन् गावाला वळसा, आक्का. तुमच्या भावाचा कूलर लाइट खाऊन राह्यला होता."

दादा खाली बसले. जुनी मोटर सुरू होताना कधी कधी एकदम इतकी वीज ओढायची की त्याच तारेवरच्या डब्याचा श्वासच कोंडायचा, आणि ती खटक्यानं सुरू करायचं काम ते दिवसातून कैक वेळा मायेनं करत होते. "म्हंजी मीच मारून राह्यलो होतो व्हय त्याला," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना आणि हसताही येईना. बांधलेली लायब्ररी डब्यात सुखरूप होती, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांनी कूलर उचलून दुकानात नेला आणि त्या उन्हाळ्यात आलेल्या एकाही पाहुण्याला त्याच्यासमोर बसवलं नाही. माय म्हणायची, त्यांनी त्याच्याशी अबोला धरलाय.

डब्याचा पहिला आवाज ऐकून आत्याचा मात्र हिरमोड झाला. नाकातून येणारा, चढ ना उतार, एका दमात वाक्य संपवणारा आवाज. "ह्याला जेवायला घाला गं कुणी," ती म्हणाली. दोन-तीन दिवस ती बसायची, थोडं ऐकायची, उठायची. मी धास्तावले. मग एका दुपारी ती आपण होऊन म्हणाली, "आता बरं वाटून राह्यलं. तू वाचती तव्हा तुझा आवाज येतो, किसना वाचतो तव्हा किसनाचा. हा आवाज कुणाचाच न्हाई. त्यामुळं माझ्या डोक्यात माझाच येतो." थांबायची आणि मागे जायची कळ सापडावी म्हणून मी त्या दोन कळांवर गोंदानं ज्वारीचे दाणे चिकटवले होते. ती बोटानं दाणा शोधायची आणि टपकन दाबायची. आता फोनमधल्या बाया इतकं गोड वाचतात की ऐकताना झोप लागते. मला अजून त्या डब्याचा नाकातला आवाज जास्त खरा वाटतो.

ग्रंथाचा मजकूर मी टाइप केला. दादा सांगायचे, मी कळा बडवायचे, आणि दादांनी एखादी ओळ गाळली की आत्या बाजेवरून म्हणायची, "मधी काहीतरी राह्यलं." पौर्णिमेला दादांनी डबा चादरीत गुंडाळून डोक्यावर घेतला आणि आम्ही विहारात गेलो. पडदा घरीच ठेवला होता, आत्याला त्याचा काय उपयोग! त्यामुळे नुसतं पत्र्याचं खोकं आणि कळांची पट्टी बघून लोकांना काही कळेना. खिरीचा वास, उदबत्त्या, पांढरे कपडे. वंदना झाली. आत्या बसली, एका कानात इअरफोनची नळी घातली, बोटानं दाणा शोधला. ऐकायची, थांबवायची, आणि मग ते वाक्य स्वतःच्या आवाजात म्हणायची. दोन वाक्यांच्या मध्ये थोडी शांतता पडायची. सुरुवातीला लोक चुळबुळले, मग त्या शांततेची त्यांना सवय झाली. साळवे गुरुजी डोळे मिटून ऐकत होते आणि पहिल्यांदाच चष्म्यावरून कोणाकडे बघत नव्हते.

अर्ध्यात वीज गेली. अंधार. कोणीतरी मेणबत्ती लावली. मागून एक बाई म्हणाली, "आत्याबाई, तुम्हाला तर सगळं पाठ असंल. म्हणा की पुढं." खरंच तिला बरंचसं पाठ होतं, मला माहीत होतं. आत्यानं कानातली नळी काढली, मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "पाठ म्हणायला न्हाई बसले बाई. वाचायला बसले. लाइट येऊ द्या." आणि मंडळी बसून राहिली. कोणी उठलं नाही. वीज आली, डबा आपल्या चालीनं हळूहळू जागा झाला, तोवर लेकरं खीर मागून रडायला लागली होती. आत्यानं जागा शोधली आणि जिथे सोडलं होतं त्याच वाक्यापासून सुरुवात केली. मी खांबाआड उभी राहून रडले. दादाही रडत होते, पण डोक्यावरून ओझं आणलं म्हणून घाम पुसतोय असं दाखवत होते.

दुसऱ्या दिवशी गावानं कौतुक केलं, साळवे गुरुजी हार घेऊन आले, माय पाचव्यांदा चहा टाकत होती. सगळे गेल्यावर आत्यानं मला मधल्या खोलीत बोलावलं. डबा पेटीवर परत मांडलेला होता. "सुजे, तू त्या पेन ड्राइव्हात अजून काय काय आणलंय म्हणली होती?" मी सांगितलं, पुष्कळ आहे, गोष्टी आहेत, पेपरमधले लेख आहेत, स्वयंपाकाचं आहे, कुणाकुणाच्या आठवणी आहेत, मला जे दिसलं ते मी न वाचताच भरलं. "तुला काय लावून देऊ?" तिनं मान हलवली. "लावू नको. कसं लावायचं ते दाखव." मी दाखवलं. नावं एकेक करून ऐकायची, हवं ते आलं की दाणा दाबायचा. ती लगेच शिकली. मी शेजारी बसून राहिले, तिला काय आवडतं ते बघावं म्हणून. तिनं नळी कानात घातली, बोटं कळांवर ठेवली आणि तशीच थांबली. मग म्हणाली, "जा बरं तू आता. अन् जाताना दार ओढून घे."

मी बाहेर येऊन दार ओढलं. दादांनी विचारलं, "काय वाचून राह्यली आक्का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. दादांनी हातातली हातोडी पत्र्यावर न मारता खाली ठेवली. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळानं आत्या हसली, तोंडावर पदर दाबून एखादी पोर हसावी तशी. माय चुलीपासून उठून दारापाशी गेली, कडीला हात न लावता म्हणाली, "आक्का, काय झालं वं?"

"काही न्हाई," आतून आवाज आला. "माझं मी वाचून राह्यली."